येरळेच्या काठाने दोन दिवस : येरळवाडी, मायणी, सागरेश्वर आणि कृष्णाकाठ

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. कासची फुलं संपली की हिवाळ्यात साताऱ्याच्या आसपास पक्षी बघायला कुठे जायचं, असं इथे बरेच जण विचारतात. मागचा शनिवार-रविवार भाच्याला घेऊन त्यासाठीच फिरले, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही येरळा नदी धरली. ती खटाव तालुक्यात उगम पावते, पुढे सांगली जिल्ह्यात येते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. वर्षातले कितीतरी महिने पात्रात धार नसते. पण तिच्या खोऱ्यातले तलाव आणि भोवतीचा माळ हिवाळी पाहुण्यांना जसा मानवतो तसा घाटमाथा मानवत नाही. धनेश, शीळकरी कस्तूर, रानकोंबडा हवा असेल तर कोयना-चांदोलीच. बदकं, चिखलात चरणारे पक्षी आणि भोवत्ये (माळावरचे शिकारी पक्षी) बघायचे असतील तर मात्र खटाव-माणकडे या.

शनिवारी उजाडायच्या आत येरळवाडीच्या धरणावर होतो. पाणी अजून बरंच होतं. भिंतीजवळ खोल पाण्यात पाणकावळे, चांदवे आणि टिबुकल्या, बस्स. भाचा हिरमुसला. त्याला म्हटलं, भिंत सोड, फुगवट्याच्या शेपटीकडे चल. नदी जिथे धरणात शिरते तिथे पाणी उथळ होतं आणि पक्षी तिथेच असतात.

तसंच झालं. ओल्या गाळावर चिखल्या आणि तुतवार पळापळ करत होते. घोटाभर पाण्यात शेकाटे. त्यापुढे चमचे पक्षी चोच डावीकडून उजवीकडे फिरवत ओळीने चालले होते. चित्रबलाक चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवतात आणि पायाने गाळ ढवळतात. चोचीला मासा लागला की झटकन मिटतात. हे दुर्बिणीतून सलग दहा मिनिटं बघा, फोटो काढायचं विसराल. त्यामागे थापट्या बदकांचा घोळका गोल गोल पोहत होता. एकाने ढवळलेलं दुसऱ्याच्या चोचीत जावं म्हणून ते असे फिरतात. तलवार बदकं, हळदीकुंकू, काठावर चक्रवाकांच्या जोड्या. पाणी किती खोल आहे त्यावर कोण कुठे उभा राहणार हे ठरलेलं असतं. ही गोष्ट एकदा लक्षात आली की कुठल्याही तलावावर गेल्यावर आधी पाण्याची कड वाचायची सवय लागते.

रोहित (फ्लेमिंगो) या खेपेला नव्हते. पाणी थोडं उतरलं की येतील.

आता जे बघवलं नाही ते. दोघं-तिघं मोठ्या लेन्स घेऊन आले आणि सरळ चक्रवाकांच्या दिशेने चालत सुटले. एकाने टाळ्या वाजवल्या. सगळा थवा उठला, त्याबरोबर बदकं उठली, चमचे उठले. यांना उडतानाचा फोटो मिळाला. पक्षी तलावाच्या मधोमध खोल पाण्यात जाऊन बसले, जिथे चमच्याला आणि चित्रबलाकाला खायला काहीच मिळत नाही. आम्ही होतो तोवर ते परत कडेला आले नाहीत. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. तिथे जाऊन शांतपणे सांगितलं, पण त्यांनी ऐकून सोडून दिलं.

मायणीला दुपारी गेलो. मायणी आणि भोवतालचे तलाव मिळून २०२१ मध्ये पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं आहे. तलाव जुना, ब्रिटिश काळातला. जांभळ्या पाणकोंबड्या, मोर शराटी आणि खंड्या निवांत बघायला मिळाले. ऊन चढलं होतं, फार थांबलो नाही.

संध्याकाळी माळावर. भोवत्ये गवतात जमिनीवरच रात्र काढतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सूर्य कलला की एकेक करून येतात, गवतावरून इतक्या खालून उडतात की पंख शेंड्यांना लागतील असं वाटतं, आणि अंधार पडता पडता खाली उतरतात. मध्य आशियातून येऊन ते इथे नाकतोडे आणि टोळ खातात. ज्या माळाला आपण पडीक म्हणून नोंदवतो तिथे त्यांची चार-पाच महिन्यांची वस्ती असते. दिवसभरात धाविक, माळटिटवी, डोंबारी, मुरारी आणि एक खोकडही दिसलं.

रविवारी सागरेश्वर अभयारण्य आणि नंतर भिलवडीकडचा कृष्णाकाठ. त्याबद्दल खाली लिहिते, आधी हे टाकते.

मिरज_जंक्शन
ताई, मस्त लिहिलंत. दोन प्रश्न. एक, माझ्याकडे गाडी नाही, एसटीने जमेल का? दोन, कॅमेरा साधा आहे, झूमवाला. सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतल्याशिवाय काही अर्थ नाही असं मित्र म्हणतात.

येरळाकाठ
एसटीने मायणी जमेल. विट्याहून जवळ आहे, वडूजहूनही गाड्या असतात. येरळवाडीसाठी वडूजला उतरून पुढची सोय बघावी लागेल, आणि पहाटे पोचायचं तर आदल्या रात्री वडूजला मुक्काम करणं सोयीचं.

लेन्सचं म्हणाल तर आधी दुर्बीण घ्या. आठ बाय बेचाळीसची साधी दुर्बीण आयुष्यभर पुरते. फोटोसाठी तुमचा झूम कॅमेरा पुरेसा आहे, फक्त उजेडाचं भान ठेवा. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर थांबा म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेच्या काठावर उभं राहिलात तर सगळे पक्षी काळे दिसतील. उभ्याने फोटो काढू नका, बसा, जमलं तर पालथे पडा. डोळ्याच्या पातळीवरून काढलेला शेकाट्या आणि वरून काढलेला शेकाट्या यात फार फरक पडतो, शिवाय माणूस खाली बसला की पक्षी कमी बिचकतात. एक्स्पोजर थोडं खाली ठेवा, नाहीतर बगळे-चमच्यांच्या पांढऱ्या पिसांतला तपशील जळून जातो.

आणि माळावर साडेनऊ-दहानंतर लांबचे फोटो काढूच नका. जमीन तापली की मधली हवा थरथरते, पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा येतो. लोक लेन्सला दोष देतात, पण कितीही महागडी लेन्स असली तरी हे टळत नाही. ती वेळ वहीत नोंदी करायची.

खटावकर
राम राम. मी येरळवाडीच्या वरच्या अंगाचा. ताईंनी पाण्याच्या कडेचं लिहिलंय ते अगदी बरोबर. आम्ही लहानपणापासून तेच बघतोय. पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही गाळपेर करतो. काकडी, कलिंगड, हरभरा, कुणी वैरण. गाळपेरीची आणि पक्ष्यांची वेळ एकच. पाणी हळूहळू उतरत गेलं तर दर आठवड्याला नवी कड उघडी पडते, नवे किडे-गोगलगाई मिळतात, थवे थांबून राहतात. पाणी एकदम सोडलं तर गाळ वाळून भेगाळतो आणि पक्षी उठून जातात. उलट ज्या वर्षी उपशाचं पाणी तलावात येऊन तलाव भरलेलाच राहतो त्या वर्षी रोहित तोंड दाखवून जातात.

पाणी आलं ते चांगलंच झालं, त्याच्याशी माझं भांडण नाही. दुष्काळात टँकरच्या मागं पळालोय आम्ही. पण धरणात पाणी किती आणि कधी ठेवायचं हे ठरवताना पक्ष्यांचा विचार कुणीतरी केला पाहिजे, आणि तो होऊ शकतो असं मला वाटतं. आपल्याला काय पायजे? जानेवारी ते मार्च पाणी सावकाश उतरू दे, एवढंच.

दुसरं, मासेमारीची फाटकी जाळी. काठाला नायलॉनची तुटकी जाळी टाकून देतात, त्यात टिबुकल्या आणि चांदवे अडकून मरतात. कुणी येणार असाल तर एक रिकामं पोतं आणा आणि दिसतील ती जाळी गोळा करा. आमची पोरं हे काम करतात, तुम्ही हात लावलात तर बरं होईल.

येरळाकाठ
दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. पट्टकादंबांचं, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या त्या हंसांचं काय? तुमच्याकडे हरभऱ्यात उतरतात ना? लोक त्रास देतात का?

खटावकर
उतरतात. दिवसा पाण्यावर, रात्री रानात. कोवळा हरभरा आणि गहू कुरतडतात. नुकसान होतं, नाही असं नाही, पण थव्यापुरतं. माझे वडील म्हणायचे, हिमालय ओलांडून आलेत, दोन घास खाऊ देत. सगळेच असा विचार करतील असं नाही. फटाके लावून हुसकणारेही आहेत. तरी कुणी मारल्याचं अलीकडं माझ्या ऐकण्यात नाही.

नवशिका_निरीक्षक
प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. थवा एकदा उडवला तर एवढं काय बिघडतं? पक्षी तसेही उडतातच की. शिकारी पक्षी आला तरी उडतात.

येरळाकाठ
राग कसला, चांगला प्रश्न आहे. भोवत्या आला की थवा उडतो हे खरं, पण तो दिवसातून एखाद-दोनदा येतो. माणसं शनिवार-रविवारी सकाळपासून एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येकाला आपला फोटो हवा असतो. उडायला पक्ष्याची सगळ्यात जास्त ताकद लागते, आणि नेमक्या त्याच वेळात त्याचं चरणं बुडतं. हिवाळ्याच्या शेवटी तर त्यांना परतीच्या हजारो किलोमीटरसाठी अंगावर चरबी साठवायची असते. ती साठली नाही तर वाटेत पक्षी खपतो किंवा उशिरा पोचून त्याची वीण चुकते. हे आपल्याला इथे दिसत नाही, म्हणून काही बिघडलं नाही असं वाटतं.

उडतानाचा फोटो हवाच असेल तर थांबा. ते आपणहून उडतात. सकाळी रात्रीच्या जागेवरून चरायला निघताना उडतात, ऊन तापल्यावर जागा बदलताना उडतात. वाऱ्याकडे तोंड करून उठतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीकडून असेल तर पक्षी तुमच्याच बाजूला तोंड करून उठतो. शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून जलद ठेवा आणि तयार राहा. आपणहून उडालेल्या थव्याची ओळ सुरेख असते, घाबरून उठलेला थवा फोटोतही घाबरलेला दिसतो.

यवतेश्वर
साताऱ्याहून. ताई, चाळकेवाडीच्या पठाराबद्दल काय मत? भोवत्ये, गरुड यांच्यासाठी तिथे जाण्यात अर्थ आहे का? मी लहान असताना तिथे पवनचक्क्या नव्हत्या, तेव्हा मोरघार आणि सर्पमार गरुड हमखास दिसायचे असं वडील सांगतात.

येरळाकाठ
तुमच्या वडिलांनी जे बघितलं त्याला अभ्यासाचा आधार आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीलाच काम केलं आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. त्याचा पुढचा परिणाम आणखी विचार करायला लावणारा आहे. खाणारे कमी झाल्यामुळे तिथे पंखगळी सरड्यांची संख्या वाढली, ते माणसाला कमी घाबरू लागले, पण गर्दीत खाणं कमी पडून अंगाने बारीक राहिले आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका आढळला. पवनचक्कीने पक्षी मेला की नाही एवढंच आपण विचारतो, इथे तर सगळ्या पठाराची घडी बदललेली दिसते.

म्हणून शिकारी पक्ष्यांसाठी मी चाळकेवाडी सुचवणार नाही. पण उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, तिथे नक्की जा. नर सरडे दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतात, निळा, काळा, केशरी. साताऱ्याच्या पठारांवरचा हा सरडा स्वतंत्र जात म्हणून २०१६ मध्ये नोंदवला गेला. दगड उलटेपालटे करू नका, त्याखाली त्यांची घरं असतात.

कृष्णामाई
मी औदुंबरच्या बाजूची. रविवारचं लिहा ना ताई, आमच्या नदीचं.

येरळाकाठ
लिहिते. आधी सागरेश्वर.

सागरेश्वर बघताना एक गोष्ट मनात ठेवून फिरावं. हे जंगल माणसांनी उभं केलंय. उघड्या बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन झाडं लावली, लोकांना आणि सरकारला सोबत घेतलं, बाहेरून सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. बारमाही नैसर्गिक पाणी नाही, म्हणून बांधलेल्या पाणवठ्यांवरच प्राण्यांची भिस्त आहे. दुपारी पाणवठ्यापासून लांब, सावलीत गप्प बसून राहिलात तर सगळे आपल्या पायांनी येतात. आम्हाला आधी मोर दिसले, मग चितळांचा कळप, मग एक काळवीट नर. पिंपळाच्या फळांवर हरियाल होते, आपला राज्यपक्षी. भाच्याला आयुष्यातला पहिला स्वर्गीय नर्तक दिसला, लांब शेपटीचा पांढरा नर. तो पाच मिनिटं बोललाच नाही. किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णेचं वळण आणि उसाचा हिरवा पट्टा दिसतो, तेव्हा कळतं की एवढ्या उसाच्या मधोमध हा डोंगर केवढा मोठा आसरा आहे.

कृष्णाकाठी संध्याकाळी पोचलो. कवड्या खंड्या हवेत जागच्या जागी पंख मारत होता, खडकांवर नदी सुरय, छोटे आर्ली, एका ठिकाणी नदी टिटवीची जोडी. आणि मगर. पलीकडच्या काठावर ऊन खात पडली होती. थंडीत त्या उन्हाला बाहेर येतात, त्यामुळे दिसायला हाच काळ चांगला. आम्ही अलीकडूनच बघितली आणि तुम्हीही अलीकडूनच बघा.

कृष्णामाई
मगरीचं बरं केलंत सांगितलंत. बाहेरून येणारी मुलं जवळून फोटो हवा म्हणून पाण्यात उतरतात, आमच्या काळजाचं पाणी होतं. आमच्याकडे बायका धुणं धुवायला त्याच नदीवर जातात. मगरीला डिवचून कुणी निघून जातं आणि त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी आम्हाला. उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि त्या जागेची राखण करते, तेव्हा तर अजिबात फिरकू नका.

नदी टिटवीबद्दल वाचून आनंद झाला. वाळू उपसायला लागल्यापासून त्यांची वाळूची बेटं राहिलेली नाहीत. सुरय, आर्ली, टिटवी सगळे उघड्या वाळूवर अंडी घालतात. आता जिथे खडक आहेत तिथेच थोडेफार दिसतात.

मिरज_जंक्शन
एक ओळख पटवून द्या. हरिपूरच्या संगमावर फोटो काढलाय, सोबत जोडतो. गडद तपकिरी, डोकं फिकट. मला दलदली भोवत्याची मादी वाटते, मित्र म्हणतो घार.

येरळाकाठ
मला दोन्ही वाटत नाही. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली असते, याची टोकाला गोल आहे. दलदली भोवत्याच्या मादीचं डोकं साईच्या रंगाचं असतं आणि त्यातून डोळ्यावरून गडद पट्टी जाते, शिवाय तरंगताना तो पंख वर उचलून व्हीसारखे धरतो. तुमच्या फोटोत पंख सपाट आहेत आणि डोक्यावर बारीक फिकट रेघा आहेत. हे ब्राह्मणी घारीचं पिल्लू, पहिल्या वर्षातलं. मोठं झालं की विटकरी आणि पांढरं होईल. फोटो स्वच्छ आहे, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा.

नवशिका_निरीक्षक
तुमच्या भाच्याने शृंगी घुबडाचा फोटो टाकलाय तो अफलातून आहे. जागा सांगाल का? व्यक्तिगत निरोपात सांगितलं तरी चालेल.

येरळाकाठ
जागा सांगणार नाही, व्यक्तिगत निरोपातही नाही. कृपया गैरसमज नको, तुमच्यावर अविश्वास नाही. हिवाळ्यात शृंगी घुबडाची वीण असते. ते झाडावर घरटं बांधत नाही, ओढ्याच्या दरडीवर उघड्यावरच अंडी घालतं. एकाला सांगितलेली जागा आठवड्यात चाळीस जणांपर्यंत जाते. मादी उठली की अंडी थंड पडतात, कावळे टपलेलेच असतात. त्यात घुबडाला अंधश्रद्धेपोटी पकडणारे लोक आहेत, तेही हे फोटो बघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. आम्ही तो फोटो समोरच्या काठावरून एकदाच काढला आणि निघालो. मुळात तो इथे टाकायला नको होता असं माझं मत आहे, भाच्याशी बोलून काढून घेतोय.

तुम्हाला घुबडच बघायचं असेल तर पिंगळा बघा. प्रत्येक गावात, देवळाच्या वळचणीला, आंब्याच्या ढोलीत आहे, माणसाला सरावलेला आहे. महिनाभर रोज संध्याकाळी एकाच जोडीवर लक्ष ठेवा, मग इथे लिहा. मला ते वाचायला फार आवडेल.

नवशिका_निरीक्षक
पटलं. आमच्या गल्लीतल्या चिंचेवर एक जोडी आहे, तिच्यापासून सुरुवात करतो.

यवतेश्वर
ताई, जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते ना? १९८७ पासून चालू आहे. येरळवाडी, सूर्याचीवाडी, मायणी, तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी माणसं उभी करता आली तर थवे एका तलावावरून दुसऱ्यावर जातात की वेगळेच आहेत, हे कळेल. आम्ही साताऱ्याहून चारजण येऊ शकतो.

येरळाकाठ
उत्तम कल्पना. मोजणी सकाळी साडेसात ते साडेनऊ, तिन्हीकडे एकाच वेळी. प्रत्येक ठिकाणी किमान दोघं हवेत, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. मी मायणी घेते. मिरज_जंक्शन, तुम्ही माझ्याबरोबर या. आदल्या संध्याकाळी विटा स्टँडवर भेटा, मुक्काम आमच्या घरी. यवतेश्वर, तुम्ही दोघं सूर्याचीवाडीला आणि दोघं येरळवाडीला जा. खटावकर दादा, येरळवाडीला त्यांच्याबरोबर थांबाल का? तुमच्याइतकी कुणाला ती कड माहीत नाही.

खटावकर
थांबतो की. चहा-भाकरी माझ्याकडं. आत्ता पाणी अजून फूटभर जास्त आहे, गाळपेरीची आखणी सुरू झाली की इथंच लिहितो, तेव्हा तारीख पक्की करा. आणि पोती विसरू नका.